अळणी समुद्रावरची संकष्टी

आत्याबाई, तुमच्या चिरंजीवांना आता गावाला यायचंय. काल तुमचं तेराव्याचं जेवण झालं, पत्रावळी उचलल्या, पाहुणे पौडच्या एस.टी.ला गेले आणि ओटीवर चार माणसांत बसून दत्तात्रयांनी जाहीर केलं की आता जर्मनी पुरे, इथंच राहायचं, घरावर नवी कौलं घालायची आणि आंबेमोहोर लावायचा. चार माणसांनी माना डोलावल्या. मी आत भांडी विसळत होते, तिथं मला हे ऐकू आलं. तुम्ही याच ओटीवर बसून रस्त्याकडं बघत होता, तेव्हा या माणसाला कधी कौलं आठवली नाहीत. ओटी रिकामी झाल्यावर गाव दिसायला लागलं. अशा माणसाला तुमच्याकडं एक नेमका शब्द होता, तो मी कागदावर लिहीत नाही.

तर त्यांच्याशी भांडण आहेच आणि ते मी सवडीनं करीन. तुमच्याशी जे आहे ते त्याच्या आधीचं आहे, आणि तुम्ही ते अर्ध्यात टाकून गेलात. सासू गेल्यावर सुनेनं काय लिहायचं ते ठरलेलं असतं: माउली होत्या, मायेची सावली होत्या. तुम्ही असलं काही नव्हता. तुम्ही हट्टी होता, फटकळ होता आणि माझ्या भाकरीला शेवटपर्यंत ‘पापड’ म्हणालात. पुण्याची बी.एस्सी. झालेली सून म्हणजे बिघडलेला रेडिओ, दिसायला बरा पण कामाचा नाही, असं तुम्ही पारूबाईला सांगितलं होतंत. शेजारच्या पारूबाईनं ते त्याच दिवशी मला येऊन सांगितलं, हे तुम्हाला माहीत असणारच. सांगावं म्हणूनच तुम्ही तिला सांगायचात.

मला तुमच्याकडून एकाच गोष्टीचा उलगडा हवा होता. त्या दिवशी बोटीवर तुम्हाला कळलं होतं, की नव्हतं कळलं?

तुम्ही आमच्याकडं जर्मनीत उन्हाळ्याला आलात ती गोष्ट. तेव्हा तुमच्या एकवीस संकष्ट्यांपैकी वीस झाल्या होत्या. लेक परदेश सोडून कायमचा कासार आंबोलीला येऊ दे, हा नवस. दिवसभर पाणी आणि कोरा चहा, बाकी काही नाही, चंद्र बघूनच घास. लेकाला तुम्ही हे आधीच कळवलं होतं आणि लेकानं उत्तर दिलं होतं, ‘तुझ्या संकष्ट्या पुऱ्या झाल्या की येतोच बघ.’ या माणसानं जन्मात आईला नाही म्हटलं नाही आणि बायकोला विचारलं नाही. मला हे कळलं ते तुमच्या तोंडून, आमच्याच स्वयंपाकघरात, तुम्ही माझ्या डब्यांच्या जागा बदलत असताना. म्हणजे मी, माझी नोकरी, मीनूची शाळा, सगळं त्या एकविसाव्या चंद्रावर टांगलेलं. आणि देवाला साकडं घालणारी बाई माझ्याच घरात, माझ्याच हातचा चहा पीत होती.

त्यात यांनी बाल्टिक समुद्रातल्या बोटीची तिकिटं काढली. स्वस्तात मिळाली म्हणे. आईला समुद्र दाखवायचा, पोरीला बेटं दाखवायची. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं एकदा मान वर करून बघायचं, तेवढं झालं नाही. तुम्ही बघितलंत. ‘आरं, पर तवा तर संकष्टी हाय माजी. शेवटची.’ चिरंजीव म्हणाले, ‘बरं झालं की आई, समुद्रावर चंद्र छान दिसतो.’

मी मुकाट्यानं तळणीचे मोदक केले. एकवीस. तुमच्या नवसाचे, म्हणजे माझ्याच विरुद्धचे. खोबरं आमच्या तिथल्या गावात मिळायचं नाही, ते मी दोन स्टेशनं पलीकडच्या दुकानातून आणलं. पत्र्याच्या डब्यात कागद घालून नीट भरले. तुम्ही एक उचलून बघितलात आणि म्हणालात, ‘कळ्या जरा कमीच पडल्यात.’

बोटीवर तुम्ही काय काय केलंत ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. उत्तरेला डोकं करून झोपायचं नाही, म्हणून पहिल्याच संध्याकाळी तुम्ही मला उत्तर कुठं ते विचारून यायला लावलंत. मी विचारून आले, उशी फिरवली. मग बोट वळली. तुम्ही खिडकीतून बघितलंत, हिशेब केलात आणि परत उशी फिरवलीत. ‘आत्याबाई, बोट वळतच राहणार,’ मी म्हटलं. ‘मग मी बी वळन,’ तुम्ही म्हणालात. आणि खरंच वळलात. सकाळी उठले तर तुमचे पाय माझ्या नाकाशी होते.

संकष्टीच्या सकाळी न्याहारीच्या हॉलमध्ये टेबलं भरून पदार्थ मांडलेले आणि तुम्ही मधोमध नऊवारी, वर लेकाचा ओव्हरकोट, पायांत कॅनव्हासचे बूट घालून कोरा चहा पीत बसलेल्या. आजूबाजूची जर्मन माणसं पाव खाता खाता तुमच्याकडं बघत होती. मीनू तेव्हा सात वर्षांची होती. तिनं विचारलं, ‘आजी, एक बिस्कीट खाल्लं तर काय होतं?’ ‘चंद्र न बघता खाल्लं की समदं वाया. परत पयल्यापासनं. आन परत एकवीस करायची ताकद न्हाई ऱ्हायली माज्यात. आज पुरी झाली की तुजा बाप घरी येतोय, तू बी येतीस.’ मीनूनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्या बापाकडं बघितलं. त्यांनी अंड्याचं कवच सोलायला घेतलं होतं, अगदी मन लावून.

त्या दिवशी बोट गॉटलंड नावाच्या बेटापाशी थांबली आणि लहान होडीतून आम्हाला विस्बी नावाच्या गावात नेलं. होडीत तुम्ही हात बाहेर घालून समुद्राचं पाणी ओंजळीत घेतलंत आणि जिभेला लावलंत. उपास आहे म्हणून मी ओरडले. तुम्ही थुंकून टाकलंत आणि तोंड वाकडं केलंत. ‘ह्यो कसला समुद्र? अळणी हाय. आमी हरिहरेश्वराला बघितला त्यो समुद्र. ह्याच्यापरीस आमचं मुळशीचं धरण बरं.’ मी म्हटलं, काहीतरीच काय बोलता. बोटीवर परत आल्यावर माहितीपत्रकात वाचलं, बाल्टिकचं पाणी खरोखरच फार कमी खारट असतं. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. इतका विजय तुम्हाला एका दिवसात झेपला असता, मला झेपला नसता.

गावात जिकडं तिकडं गुलाब, जुनी दगडी तटबंदी आणि छपरं उडालेली ख्रिस्ती देवळं. भिंती उभ्या, आत गवत. तुम्ही एकेका देवळात डोकावून विचारायचात, ‘ह्यातला द्येव कुटं गेला?’ चिरंजीव माहितीचं पुस्तक उघडून कोणत्या शतकात काय झालं ते सांगायला लागले. तुम्ही म्हणालात, ‘मी द्येव कुटं गेला ते इचारलं, शतक न्हाई.’ मग ते मीनूला घेऊन आइसक्रीम शोधायला गेले आणि आपण दोघी तटाखालच्या बाकावर उरलो. माझ्या मनात एकच होतं, की ही बाई आता चक्कर येऊन पडणार आणि मी तिला कोणत्या भाषेत दवाखान्यात नेऊ.

तुम्ही पडला नाहीत. तुम्ही तोंड पुसलंत आणि म्हणालात, ‘इजया, तुला यायचंय का गं तितं?’

मला आधी वाटलं तुम्ही बोटीवर जायचं म्हणताय. मग कळलं. आत्याबाई, मी तोंडदेखलं काहीतरी बोलणार होते, पण थकले होते, ऊन लागत होतं आणि तुमचा चेहराही भुकेनं उतरलेला होता. मी म्हटलं, ‘नाही. मला नाही यायचं.’ मग थांबताच येईना. हे आधी एकटेच जर्मनीला गेले त्या वर्षी मी आंबोलीला तुमच्यापाशी राहिले, ते वर्ष मला कसं गेलं ते सांगितलं. पाणी, चूल आणि संध्याकाळ, आणि माझ्या डिग्रीचा कागद ट्रंकेत, हे सांगितलं. जर्मनीत दूध तपासायच्या प्रयोगशाळेत मी जाते, तिथं खुंटीला एक पांढरा कोट असतो, त्यावर माझं नाव शिवलेलं आहे, नवऱ्याचं नाही, गावाचं नाही, नुसतं माझं, हे सांगितलं. बोलता बोलता मला रडू आलं आणि त्याचा मला फार राग आला.

तुम्ही ऐकून घेतलंत. मग चिडलात. ‘मंग आदी का न्हाई सांगितलंस? वीस केल्या की मी उपाशी!’

‘मला कोणी विचारलं?’

‘मी इचारतीय की आता.’

इतकंच. मी वाट बघत राहिले की तुम्ही आता म्हणाल, बाईच्या जातीनं असलं बोलू नये, नाहीतर म्हणाल, बरं बाई नको येऊस. तुम्ही कोटाची बटणं लावलीत, समोरच्या कुंपणातला गुलाब न विचारता तोडलात, पूजेला पाहिजे म्हणून, आणि होडीकडं चालू लागलात. ते घर कोणाचं होतं देव जाणे, आतली बाई पडदा सारून बघत होती. मी तिला हात जोडले. तुमच्यापायी मी त्या दिवशी किती जणांना हात जोडले त्याला सुमार नाही.

बोटीवर आल्यावर मी काउंटरवर जाऊन विचारलं, चंद्र कधी उगवतो. काउंटरवरची मुलगी गोड हसली, तिला वाटलं नवऱ्याबरोबर बघायचाय. तिनं वर कप्तानाच्या खोलीत फोन लावून विचारलं. उत्तर आलं की या दिवसांत इतक्या उत्तरेला आज चंद्र मध्यरात्र उलटून गेल्यावर उगवेल, तोही क्षितिजालगत, आणि ढग आहेत तेव्हा दिसेलच असं नाही. दिसला नाही तर माझं भलं होणार होतं. पण खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी तुमचं पोट दिसत होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन बिनमिठाचा भात आणि दही रात्रीसाठी मागून ठेवलं, त्या माणसाला तुमचा सगळा नवस समजावून सांगितला आणि मग येऊन तुम्हाला सांगितलं, ‘आत्याबाई, बारा वाजून गेल्यावर आहे. तोवर जरा आडव्या व्हा.’ तुम्ही म्हणालात, ‘बरं.’ तुम्ही ‘बरं’ म्हणालात तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

चिरंजीवांना बोट लागली होती, ते खोलीत पडून होते. आपण तिघी डेकवर. कॅलेंडरच्या पानावर आपल्याकडच्या चंद्रोदयाची जी वेळ छापलेली होती ती झाली आणि तुम्ही खुर्चीतून उठलात. तिकडं उन्हाळ्यात त्या वेळेला सूर्य मावळलेलाही नसतो. धुकट ढगांच्या मागं तो खाली उतरला होता, पांढराफटक, किरण नसलेला, डोळे न मिटता बघता येईल असा.

तुम्ही हात केलात. ‘त्यो बग. उगवला.’

‘आत्याबाई...’ मी म्हटलं.

‘मीने, पानी आन.’

मीनूनं कागदी पेल्यात पाणी आणलं. तुम्ही त्यात कुठल्याशा परक्या अंगणातला गुलाब बुडवलात, पदर सारखा केलात, डोळे मिटलेत आणि सूर्याला चंद्राचं अर्घ्य दिलंत. ते कठड्यावरून थेट खालच्या मजल्यावर वर्तमानपत्र वाचत बसलेल्या एका गृहस्थांच्या टकलावर पडलं. ते ओरडले. मी वाकून जर्मनमध्ये माफी मागितली, म्हटलं, आमच्या धर्मात चंद्राला पाणी देतात. त्यांनी टक्कल पुसलं, वर बघितलं, मग समुद्राकडं बघितलं आणि म्हणाले, ‘पण बाई, तो सूर्य आहे.’

‘काय म्हनतोय त्यो?’ तुम्ही विचारलंत.

मी सांगायला तोंड उघडलं आणि तुम्ही त्यात मोदक कोंबलात. अख्खा. ‘ऱ्हाऊ दे. खा. तू बी सकाळधरनं कुटं काय खाल्लंयस?’ मग एक मीनूला आणि एक तुमच्या स्वतःच्या तोंडात. मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो मोदक चावत होते आणि तुम्ही दुसरा घेत होता. ‘कळ्या कमी हायेत, पर सारन झ्याक झालंय,’ तुम्ही म्हणालात. लग्नानंतरची ती पहिली शाबासकी. तीही मला उत्तर देता येऊ नये अशा वेळी दिलेली.

चिरंजीव भिंत धरत धरत वर आले. ‘आई, दिसला चंद्र?’ ‘दिसला की. तुजी वाट बघत थांबनार हुता व्हय?’ त्यांनी माझ्याकडं बघितलं, मला बोलता येत नव्हतं. नंतर खोलीत गेल्यावर मी त्यांना सांगितलं, तो चंद्र नव्हता. तर काय म्हणावं त्यांनी? ‘मग नवस काही पुरा झाला नाही,’ आणि कूस बदलून झोपले, अगदी हलक्या मनानं. आणि हे त्यांनी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी सांगायला गेले तेव्हा तुम्ही मला सांगू दिलं नाहीत. दुसऱ्या दिवशी विषय काढला, तर म्हणालात, ‘झालं गेलं, त्येचं काय आता.’ विमानतळावर काढला, तर म्हणालात, ‘माजी चप्पल कुटं हाय बग.’ पुढं दर दोन वर्षांनी आम्ही आलो, मी काढायची आणि तुम्हाला ऐकू यायचं नाही. एरवी तुम्हाला पारूबाईच्या घरातलं कुजबुजलेलं ऐकू यायचं.

या सगळ्या वर्षांत तुमचा मला किती त्रास झाला ते तुम्हाला कळायचं नाही. कारण तुम्हाला जर खरंच तो चंद्र वाटला असेल, तर तुमच्या लेखी नवस पुरा झाला. म्हणजे तुम्ही रोज ओटीवर बसून रस्ता बघत होता, आज येईल, उद्या येईल, आणि देवानं फसवलं असं मनात घेऊन गेलात. आणि कळलं असेल, तर मग तुम्ही मला सोडवलंत. दोहोंतलं काय? ज्या बाईला सावलीवरून गुरं परतायची वेळ कळायची, चालत्या बोटीत उत्तर कळायची, तिला पूर्व-पश्चिम कळली नाही? मी म्हणायची, शक्यच नाही. पण मग वाटायचं, भूक होती, वय होतं, परका मुलूख होता. असेलही. भावकीत तर तुम्ही सांगितलंत, तिकडं चंद्र दिवसाउजेडी उगवतो, आणि इथल्या अर्ध्या गावाला अजून तसंच वाटतं. तुमच्या कुठल्याही पत्रात ‘कधी येताय’ हे नसायचं. ते मन मोडल्यामुळं नसायचं की कशामुळं, हे मी दर पत्राला शोधत बसायची. एवढा छळ तुम्ही मला समोर बसून सुद्धा केला नव्हता.

तार आली, विमान मिळालं, पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. आता कोणाला विचारणार?

आज सकाळी पारूबाई आली. चिरंजीवांचं कौलांचं भाषण तिच्याही कानावर गेलेलं. चुलीपाशी बसून म्हणाली, ‘आता येतोय व्हय दत्ता. म्हातारी व्हती तवा यायाचं. पर तिची बी चूकच हाय म्हना. एकवीस केल्या आन उद्यापन न्हाई केलं. बिनउद्यापनाचं व्रत फळतंय का कुटं?’

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. ‘उद्यापन नाही केलं?’

‘न्हाई की. आमी समद्या मागं लागलो. म्हनलं, आत्या, जेवान घाला, एकवीस पुऱ्या झाल्यात. तर म्हनली, पुऱ्या कुटं झाल्यात? ईसच झाल्यात. म्हनलं, मंग एक ऱ्हायलीय ती करून टाका की. तर म्हनली, न्हाई करायची. सुनंचं मन न्हाई.’

आत्याबाई, हे पारूबाईला सांगता येत होतं! साऱ्या गावाच्या बायकांना सांगता येत होतं! माझ्याबद्दलची प्रत्येक वाईट गोष्ट तिच्या तोंडून माझ्यापर्यंत पोचवलीत आणि हीच एक तेवढी तिला गिळून टाकायला लावलीत. म्हणे, ‘तिनं शपत घातली व्हती, इजयाला सांगायचं न्हाई, उगं डोक्यावर बसंल.’

बसले नसते हो. तुम्ही एकदा सांगितलं असतं, तर मी तुमच्या पाया पडले असते. दर वेळी गाडीला उशीर होतोय म्हणून वाकल्यासारखं करायची तशी नव्हे. खाली बसून, पायांवर डोकं ठेवून.